वालदुरा तलावाची पहिली चाल

वालदुराच्या तिकीटघराच्या खिडकीवर एक खिळा आहे. हिवाळ्यात त्या खिळ्यावर पाइनची हिरवी फांदी लटकली की गावाला कळतं, बर्फ उघडला. फांदी नसली तरी केबलकारचं तिकीट मिळतं, वरच्या खानावळीत जवाचं सूप मिळतं, काठावर उभं राहून हवे तेवढे फोटो काढता येतात. तलावावर मात्र पाऊल टाकता येत नाही. मेंगिया त्या खिडकीच्या आत इतकी वर्षं बसत आली होती, की गावातली मुलं तिला कमरेपर्यंतच ओळखत. कधी दुकानात ती पायांसकट दिसली की बिचकत.

त्या गुरुवारी ती दारापुढचा बर्फ फावड्याने ओढत होती. आत तिचा भाऊ क्लाउ शेगडीवर हात शेकत उभा होता. फोन वाजू लागला. तिकीटघरातल्या फोनचा आवाज बारीक आणि कर्कश, दाताच्या डॉक्टरकडच्या यंत्रासारखा. वाजला, थांबला, पुन्हा वाजला. शेवटी मेंगिया फावडं टाकून आत आली.

"हात गोठलेत का तुझे? उचलायचास की."

"काय उचलायचं?"

"फोन. कधीपासून बोंबलतोय."

"वाजला कुठे?" क्लाउ म्हणाला आणि पुन्हा शेगडीकडे वळला.

फोनचा त्याला पहिल्यापासून तिटकारा. मेंगियाने त्याच्याकडे एक कटाक्ष टाकला आणि फोन घेतला. झ्युरिकच्या एक बाई होत्या. रविवारची तिकिटं त्यांनी आधीच घेऊन ठेवली होती.

"आम्ही सगळं कुटुंब येतोय. आई चाकाच्या खुर्चीत असते. बर्फावर खुर्ची चालेल ना?"

"बर्फ उघडला तर चालेल."

"उघडला तर म्हणजे? तुमच्या साइटवर रविवारी उघडणार असं लिहिलंय."

"साइट इथे राहत नाही, बाई."

"तलावापलीकडच्या त्या मोठ्या खडकावर बाराच्या सुमाराला ऊन येतं म्हणे, फोटो तेव्हाच छान येतात. आम्ही खडकाखाली असू तेव्हा बर्फ नीट असेल ना?"

"त्याला मी वेळ दिलेली नाही. तिकीट वाया जाणार नाही, दुसऱ्या दिवशीचं करून देईन. आणि आईंच्या पायांवर जाड ब्लँकेट घाला. आहे त्याच्यापेक्षा जाड."

फोन ठेवला तेव्हा क्लाउ हसत होता. "खडकाखाली काय, तलावाच्या मधोमध पियानो नेऊन ठेव म्हणावं. मेंगिया, माझ्या जन्मात मी असा बर्फ पाहिला नाही. सगळीकडे एकसारखा. खडकाखालीसुद्धा. यंदा कुठेच कुरकुर नाही."

मेंगियाचा हात तिकिटांच्या गठ्ठ्यावर थबकला.

खडकाखालची जागा कुरकुर करणारच, हे त्या दोघांनाही लहानपणापासून ठाऊक होतं. तिथे तळातून झरे येतात. बाकी तलाव दगडासारखा घट्ट झाला तरी तेवढा तुकडा मनाला येईल तसा वागतो, आज जाड, उद्या पातळ. त्यातून गेल्या आठवड्यात दक्षिणेचा उबदार वारा दोन दिवस वाहिला होता. छपरं गळली होती, गाईंनी दूध कमी दिलं होतं, म्हाताऱ्यांची डोकी दुखली होती. मग एकदम थंडी पडली आणि वरून हिमाची चादर. खाली काय झालं ते कुणालाच दिसत नव्हतं.

अशा वेळी दिसण्याचा उपयोग नसतो, ऐकण्याचा असतो. क्लाउ बर्फाचा राखणदार होता, त्याच्याआधी त्यांचे वडील होते. वाटेवर तो गिरमिटाने भोकं पाडून जाडी बघे, पण खडकाखाली भोक पाडायचं नाही. वरच्या हिमाचं ओझं असलं की भोकातून पाणी वर येतं आणि आहे तो बर्फही नासतो. तिथे लोखंडी टोकाची काठी आपटायची आणि कान द्यायचा. जाड बर्फ भरल्या पिंपासारखा बोलतो, खोल आणि ठोस. पातळ बर्फ बारीक आवाज काढतो, तारेसारखा. लहानपणी मेंगिया वडिलांच्या घसरगाडीवर मागे बसून हे आवाज ऐकत असे. पुढे काठी क्लाउला मिळाली आणि खिडकी तिला. मुलींना काठी देत नसत. तिने कधी त्याबद्दल तक्रार केली नव्हती.

त्या संध्याकाळी क्लाउ तिच्याकडे जेवायला थांबला. ती वरच्या खोलीत चादरी काढत होती. खाली चुलीवर किटली ठेवलेली. किटलीची शिटी सुरू झाली, वाढत गेली, किंचाळू लागली. मेंगिया जिन्यात येऊन उभी राहिली. क्लाउ चुलीपासून हातभर अंतरावर पेपर वाचत होता. त्याने पान उलटलं.

"क्लाउ," ती जिन्यातूनच म्हणाली, अगदी साध्या आवाजात.

"काय गं?" तो लगेच म्हणाला. मग वाफ दिसली तशी उठला. "अरे, पाणी झालं वाटतं."

मेंगिया कठड्याला धरून खाली आली. तिने चहा केला, अक्रोडाचा केक कापला. क्लाउ चर्चच्या घंटेबद्दल बोलत होता, यंदा तिचा आवाज किती भरदार लागतो म्हणून. तिने मान डोलावली. तिची नजर किटलीवर होती.

वालदुराची एक रीत आहे. हंगामात पहिल्यांदा बर्फ उघडण्याआधी राखणदाराच्या घरचं माणूस बर्फावरून खडकापर्यंत जाऊन येतं. हातात काठी न घेता. काठी घेतली म्हणजे राखणदारावर विश्वास नाही. घरचं माणूस परतलं की राखणदार फांदी देतो, मग ती खिळ्यावर चढते. क्लाउची बायको हयात होती तोवर ती चालली. नंतर मुलगी सेरायना. यंदा सेरायनाच्या पाठीवर तिचं तान्हं मूल असणार होतं, क्लाउची पहिली नात. लोकरीची लाल टोपी विणून तयार होती. गावात सगळ्यांना ती टोपी माहीत होती.

शनिवारी सकाळी मेंगिया भावाच्या घरी गेली. बाळ क्लाउच्या मांडीवर होतं. मेंगियाने पाळण्यातला चांदीचा खुळखुळा उचलला आणि क्लाउच्या पाठीमागे जाऊन हळूच हलवला. बाळाने झटकन मान वळवली. क्लाउ बाळाकडे बघून म्हणाला, "काय गं, आत्याआजीकडे काय बघतेस? तिच्याकडे तिकिटं आहेत फक्त."

मेंगिया सेरायनाला स्वयंपाकघरात घेऊन गेली.

"सेरायना, तुझ्या बाबांना बारीक आवाज ऐकू येत नाहीत."

"आत्या, काल मी दाराआड त्यांना म्हातारा खडूस म्हणाले, ते बरोब्बर ऐकलं त्यांनी."

"बोलणं ऐकू येतं. शिटी ऐकू येत नाही. फोन येत नाही. खुळखुळा येत नाही. सेरायना, पातळ बर्फ कसा वाजतो?"

सेरायना बटाटे सोलत होती. तिची सुरी क्षणभर थांबली आणि पुन्हा चालू लागली. "त्यांचं लक्ष नसतं गं. आणि ते काय मला आणि हिला बुडवतील?"

"मुद्दाम नाही."

"आत्या, हे त्यांना सांगू नकोस. त्यांना आता एवढंच उरलंय."

मेंगियाने तरीही सांगितलं. सांगणं भाग होतं. क्लाउ अंगणात काठीच्या टोकाला तेल लावत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं, काठी भिंतीला टेकवली.

"तुला कॅफ्लिशने पाठवलं का?"

कॅफ्लिश केबलकारचा व्यवस्थापक. क्लाउला घरी बसवून शहरातला कुणी यंत्रवाला आणावा असं त्याच्या मनात होतं, हे गावभर माहीत होतं.

"मला कुणी पाठवलेलं नाही."

"खिडकीत बसून बसून तुला बर्फही कागदाचा वाटायला लागला. जा, तिकिटं मोज."

"क्लाउ, एकदा डॉक्टरकडे..."

"उद्या ती टोपी खडकापर्यंत जाईल आणि परत येईल," क्लाउ म्हणाला. "मग तू फांदी लाव आणि माफी माग. मी केक खाऊन माफ करेन."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. पण तो अगदी शांत होता, आणि त्याच शांतपणाची मेंगियाला भीती वाटली. खोटं बोलणारा माणूस गडबडतो. क्लाउला बर्फ खरोखरच निर्दोष ऐकू आला होता.

ती कॅफ्लिशच्या दारापर्यंत गेली आणि परत फिरली. त्याला हे कळलं तर क्लाउचं काम संपलं. शिवाय कॅफ्लिश भोकांतली जाडी विचारील, ती तर भरपूरच होती. संध्याकाळी झ्युरिकच्या बाईंचा फोन आला. "बर्फ उघडतोय ना उद्या?" मेंगिया म्हणाली, "अजून फांदी लागलेली नाही." बाईंना ते कळलं नाही. त्यांनी पार्किंगचं विचारलं.

रविवारी आकाश धुतल्यासारखं निळं होतं. वारा अजिबात नव्हता. तिकीटघरापुढे रांग लागली, आधीच तिकीट असलेली माणसं वर तलावाकाठी जमू लागली. मेंगियाने खिडकी उघडलीच नाही. काचेमागे 'थोड्या वेळात येते' अशी पाटी ठेवून ती केबलकारने क्लाउ आणि सेरायनाबरोबर वर गेली. बाळ पाठीवरच्या झोळीत, लाल टोपीत, झोपलेलं. क्लाउच्या एका हातात काठी, दुसऱ्यात फांदी.

"तू कशाला आलीस?" तो म्हणाला. "खिडकी कोण बघतंय?"

"खिडकी कुठे पळून जाते?"

काठावर कॅफ्लिश हात चोळत उभा होता. "चला, क्लाउ, लोक खोळंबलेत." सेरायना पुढे झाली. तिने आत्याकडे बघितलं नाही.

"यंदा मी चालते," मेंगिया म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघू लागले.

"मी काय या घरची नाही? तुझ्या बापाची आणि माझ्या बापाची काठी एकच." आणि तिने क्लाउच्या हातातून काठी काढून घेतली.

काठावर कुजबुज झाली. म्हातारे लोक एकमेकांकडे बघू लागले. क्लाउच्या गालावरचं रक्त उतरलं. "काठी ठेव, मेंगिया," तो हळू आवाजात म्हणाला. "सगळ्यांसमोर नको."

"सगळ्यांसमोरच ऐक मग."

ती चालू लागली. हिमात बूट घोट्यापर्यंत रुतत होते. वाटेवर तिने काठी आपटली. ठप्प. पिंपासारखा, खोल आवाज. पुढे पुन्हा ठप्प. बर्फ चांगला होता, क्लाउचं अर्धं खरं होतं. तिच्या मनात आलं, आपण भावाला फुकट मातीत घातलं की काय. खडकाची सावली जवळ आली. सावलीत गारठा निराळाच होता, ओला. तिने काठी उचलली आणि आपटली.

टिंग.

काचेच्या पेल्यावर चमचा लागावा तसा आवाज निघाला आणि तलावभर धावत गेला. मेंगियाने मान वळवून काठाकडे बघितलं. सेरायनाने दोन्ही हात मागे नेऊन झोळी घट्ट धरली होती. कॅफ्लिशचा हात हवेतच थांबला होता. फक्त क्लाउ तसाच उभा होता आणि पुढच्या ठोक्याची वाट बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर, बघ, मी सांगत नव्हतो का, असा भाव होता.

मेंगिया परत वळणार, इतक्यात तिच्या बुटांभोवतीचं हिम राखाडी झालं. खालून पाणी वर येत होतं.

आणि मग क्लाउचा आवाज आला. "आडवी हो. काठी आडवी धर, तिच्यावर पड. उठू नकोस."

तलावाच्या पोटात, फार खोल, काहीतरी हुंकारलं होतं. मेंगियाला तो हुंकार नंतर कळला, तळपायांतून. क्लाउने आधी ऐकला होता. ती आडवी झाली. शेजारी, हाताच्या अंतरावर, हिमाची चादर आवाज न करता खचली आणि तिथे काळं पाणी दिसू लागलं.

"डावीकडे सरक. थांब. आता बोलतोय तो. थांब म्हटलं ना. हां, आता ये."

क्लाउ काठावर पालथा पडून, कान बर्फाला लावून तिला एकेक वीत मागे आणत होता. तिचे हातमोजे भिजले, हनुवटी सोलली. घट्ट बर्फ लागला तेव्हा दोन माणसांनी तिला पाय धरून ओढून घेतलं. सेरायनाने बाळाची लाल टोपी काढली आणि कोटाच्या खिशात टाकली.

खाली येताना केबलकारमध्ये दोघंच होती. मेंगियाच्या अंगावर खानावळीचं ब्लँकेट होतं. फांदी क्लाउच्या मांडीवर पडलेली.

"आवाज आला होता ना?" त्याने विचारलं. "खडकाखाली."

"आला होता."

"मोठा?"

"काठावर सगळ्यांनी ऐकला."

क्लाउने फांदीचं एक पातं तोडलं, बोटांत चुरडलं. "मंगळवारीही मी तिथे आपटली होती," तो म्हणाला. "नीट आपटली होती."

तिकीटघरापुढची रांग अजून तशीच होती. मेंगियाने पाटी उचलली, खिडकी उघडली आणि लोकांना सांगितलं की यंदा बर्फ उघडणार नाही, फक्त केबलकारची तिकिटं मिळतील. लोक कुरकुरले, काहींनी हुज्जत घातली. क्लाउ आत शेगडीपाशी बसला होता. फांदी त्याने शेगडीत घातली नाही, बाहेरही टाकली नाही. ती त्याच्या पायांशी होती, आणि तिच्यावरचं हिम वितळून जमिनीवर थेंब जमत होते.

झ्युरिकच्या बाईंची गाडी पोचायची वेळ झाली होती. मेंगियाचा हात फोनकडे गेला. तो हात क्लाउ एकटक बघत होता.

"वाजतोय?" त्याने विचारलं.

"वाजतोय," मेंगिया म्हणाली.