काळा खडक बुडला की

"थांबवणार कोण गो?" माझं पत्रक पुरतं ऐकायच्या आधीच नंदूकाकांनी विचारलं. मी भडकलेच.

अलिबागच्या एका छोट्या संस्थेत मी पत्रकं लिहिते. आमचा नियम असा, की छापण्याआधी डमी, म्हणजे नमुना प्रत, विषयाशी काडीचा संबंध नसलेल्या माणसाला वाचून दाखवायची. म्हणून मी काशीदच्या किनाऱ्यावर. नंदूकाका पर्यटकांसाठी स्पीडबोटी चालवतात. शेजारी शहाळी विकणाऱ्या वंदनामावशी न बोलावता ऐकत होत्या.

विषय एआय. माणसापेक्षा हुशार होतील अशी यंत्रं बनवायची कंपन्यांची शर्यत लागलीय, आणि ती आवरायची कशी हे त्यांनाच नीट ठाऊक नाही! गेल्या सभेत वडापाव आला आणि माझं भाषण टाकून लोक उठले. आमच्या प्रमुख शिल्पाताईंनी बजावलं होतं, "रविवारी पुन्हा असं झालं तर ही मोहीम बंद. तू परत प्लॅस्टिकबंदीवर."

माझा मथळा : एआय ताबडतोब थांबवा!!!

"मी थांबलो तर तो पलीकडचा बोटवाला थांबणार हाय का?" काका म्हणाले. "त्याची लाइफ जॅकेटं बघ, निम्म्यांची बक्कलं तुटलीत. त्यापेक्षा मी सांभाळून धंदा करतो ते बरं."

"कंपन्याही हेच म्हणतात! आम्ही जबाबदार, म्हणून आम्हीच पुढे. आणि तो पलीकडचा तुमच्याबद्दल काय म्हणतो?"

मावशी खो खो हसल्या. "हेच. बक्कलासकट!"

काका जरा वरमले. मग समुद्राकडे बोट केलं. "तो काळा खडक दिसतो? पाणी चढून तो बुडला की मावशी लाल फडकं लावते. सगळ्या बोटी पाण्याबाहेर. त्याच्यापण."

"मावशीच का?"

"तिची बोट न्हाय ना."

"आणि हे ठरलं कधी?"

"सीझन लागायच्या आधी. गिऱ्हाईक रांगेत उभं असताना खडक बुडालेला कोणाला दिसतो?"

मी डमी तिथेच फाडली. नव्या पत्रकात तीन वाटा मांडल्या. सगळ्यांनी आत्ताच थांबायचं. किंवा सांभाळून करणाऱ्यांनी पुढे राहायचं. किंवा कुठे थांबायचं ते आधीच ठरवून तपासणीला बाहेरचा माणूस ठेवायचा. मला अजूनही पहिलीच वाट पटते. पण तिथेही कोणीतरी मावशी लागतेच, आणि ते मी डमीत लिहिलंच नव्हतं.

रविवारी सभेला काका आणि पलीकडचा बोटवालाही आले. वडापाव आला. कोणी उठलं नाही. पलीकडचा बोटवालाच उभा राहिला. "एआयचा काळा खडक कुठला?"

"अजून ठरलेला नाही. जाणकारांतच वाद आहेत. म्हणून तर म्हणते, समुद्र शांत आहे तोवर ठरवायला लावा."

आमदारांना द्यायच्या निवेदनावर पहिली सही काकांची, दुसरी त्याची. मधल्या वेळात बक्कलांवरून भांडणही झालं.

"मोहीम चालू," शिल्पाताई म्हणाल्या. "उद्गारचिन्हं बंद."

थांबा म्हणून ओरडायला घसा पुरतो. कुठे थांबायचं आणि फडकं कोणाच्या हाती, हे मात्र लिहून काढावं लागतं. एक उद्गारचिन्ह मी ठेवलंच!