आधी तिला भूक लागेल

थंडीत थिजलेलं खोबरेल आज मिसरोदच्या फ्लॅटच्या बाल्कनीत उन्हाला ठेवलं. झाकण उघडलं आणि त्या वासाने मी अरेरा कॉलोनीतल्या मराठी मंडळाच्या रंगपटात जाऊन पोचले. प्रयोग संपला की खोबरेल चोळूनच आम्ही तोंडावरचा रंग उतरवायचो.

तेव्हा मी कॉलेजात होते. नाटक जोशीकाकांचं होतं. ते गोविंदपुऱ्यातल्या एका कारखान्यात इंजिनिअर होते. त्यांच्या नायिकेला नवरा गेल्याची बातमी कळते, तेव्हा ती आधी दूध उतू गेलं म्हणून चिडते, मग उगाचच हसते, आणि मग ओट्याशी उभी राहून भात खाते.

"काका, ही रडत कशी नाही? लोक हसतील."

"रडेल गं, पडदा पडल्यावर. आधी तिला भूक लागेल."

काकू जाऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. तरी मला वाटलं, यांना बाईचं मन कळत नाही.

मागच्या महिन्यात आमच्या ह्यांना घेऊन पुरुषमंडळी गेली. बायका बाहेरच्या खोलीत बसल्या होत्या. मी ओट्याशी उभी राहून शेजारून आलेला पिठलं-भात खाल्ला. भूक खरंच लागली होती.

रडू अजून आलेलं नाही. पडदा कधी पडतो, ते विचारायला काकाही आता नाहीत.