काजूच्या मागची जागा

आमच्या घरात देवादिकांची कॅलेंडरं लागत नसत. आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हापासून बुद्धाच्या फोटोशेजारच्या खिळ्यावर फक्त निसर्गचित्रांचं कॅलेंडर असायचं. त्यात बर्फाचे डोंगर, निळी तळी, ट्यूलिपची शेतं. लहानपणी मला वाटायचं की निसर्ग ही परदेशात मिळणारी वस्तू आहे. पुढं कोल्हापुरात मंगळवार पेठेत मी स्टुडिओ टाकला आणि पासपोर्ट फोटो, बारशी, लग्नं यांत दिवस जाऊ लागले, तरी डोक्यात ती कॅलेंडरं होतीच.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. ओळखीचे एक छापखानेवाले होते. एका पतसंस्थेचं कॅलेंडर त्यांच्याकडं आलं होतं. ते म्हणाले, "निसर्गचित्रंच पाहिजेत, पण आपल्या जिल्ह्यातली. आणि रंकाळा, पन्हाळा, जोतिबा सोडून. ते बघून बघून लोकांचे डोळे शिणलेत." मी लगेच हो म्हटलं. पितृपंधरवडा होता, लग्नाच्या ऑर्डरी बंद होत्या, स्टुडिओत नुसता माशा मारत होतो. बायको बालवाडीत शिकवायची. तिनंही चार दिवसांची रजा टाकली. तिची थोरली बहीण नेसरीला दिलेली. तिच्याकडं मुक्काम करायचा आणि तिथनं चंदगडच्या बाजूला फिरायचं असं ठरलं. सेकंडहँड कॅमेरा, स्टँड, थोडे रोल आणि दोन छत्र्या घेऊन आम्ही एस्टीत बसलो.

पहिले दोन दिवस वाया गेले. कुठल्याही गावात उतरलो की मी चहाच्या टपरीवर विचारायचो, "इथं बघण्यासारखं काय आहे?" लोक मनापासून सांगायचे. एका गावात नव्या देवळाचा स्लॅब दाखवला. दुसरीकडं दूध संस्थेची इमारत दाखवली, ती रंगवून आठवडाही झाला नव्हता. एकानं मला हाताला धरून पाण्याच्या टाकीखाली नेलं आणि म्हणाला, "घ्या फोटू!" बहुतेकांचं म्हणणं मात्र एकच, "आंबोलीला जावा की पावणं, हितं काय हाय?"

तिसऱ्या दिवशी चंदगडच्या पुढं एका लहान गावात उतरलो आणि भुरभुर सुरू झाली. फाट्यावर उभं राहून मी वैतागून म्हणालो, "उद्या परत जाऊ. जिल्ह्याबाहेरचा का असेना, आंबोलीचाच धबधबा काढतो आणि देतो त्यांना."

बायको शांतपणे छत्री उघडत म्हणाली, "तुम्ही विचारताय ते चुकतंय. बघण्यासारखं काय म्हटलं की माणसं पावण्याला दाखवायचं तेच सांगणार. आता तुम्ही गप्प राहा. मी विचारते."

रस्त्यानं एक बाई येत होत्या. वय पन्नाशीच्या आसपास, डोक्यावर वैरणीचा मोठा भारा, अंगावर प्लास्टिकची खोळ. बायको चालत चालत त्यांच्याबरोबर घरापर्यंत गेली आणि तिनं भारा उतरायला हात लावला. मी मागं मागं. बाईंनी आम्हाला पुढच्या सोप्यात बसवलं. घरी दुसरं कुणी नव्हतं. मालक तालुक्याला गेले होते.

"कुठनं आलासा?" त्यांनी विचारलं.

"कोल्हापूरहून, अक्का. हे फोटो काढतात. कॅलेंडरसाठी."

"मग आंबोलीला..."

"नको," बायको हसून म्हणाली. "अक्का, मला एक सांगा. काम उरकलं, कुणी हाक मारणारं नसलं, की तुम्ही बसता कुठं?"

बाईंनी तिच्याकडं नीट बघितलं. "बसाय सवड कुठली गं पोरी?" त्या चुलीकडं वळल्या, चहाचं आधण ठेवलं. आम्हाला वाटलं विषय संपला. चहा गाळता गाळता त्या आपणहून म्हणाल्या, "एक जागा हाय. पन तितं बघण्यासारखं काय न्हाय."

घराच्या मागं त्यांची काजूची झाडं होती. झाडांतून वाकून जावं लागलं, पुढं करवंदीची जाळी, तिच्या कडेनं निसरडी पायवाट. पायाला जळवा चढल्या. बाई सराईतपणे पुढं चालल्या होत्या आणि मागं वळून सांगत होत्या, "हितं धरा... हितं पाय ठेवू नगा." जाळी संपली आणि एकदम मोकळं झालं. एक काळाभोर कातळ पुढं आला होता आणि त्याच्याखाली सगळी दरी उघडी पडली होती. पोटरीला आलेलं भात पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत गेलं होतं. मधून ओढा वळणं घेत होता. पलीकडच्या डोंगराच्या कमरेला ढग अडकला होता, आणि त्याच्यापल्याड गोव्याकडचे डोंगर एकामागं एक फिके होत गेले होते. मी तिथंच स्टँड लावायला बसलो.

बाई कातळाच्या कडेला पाय पसरून बसल्या. "लगीन हून आले तवापासनं येते हितं," त्या माझ्या बायकोला सांगू लागल्या. "माजं म्हायेर बेळगावकडं. तो खालचा रस्ता दिसतोय न्हवं, त्येच्यावरनं बेळगावची गाडी जाती. पयल्या सालात लई रडायचे. सासू म्हनायची, रडून काय हुतंय, कामाला लाग. मग हितं यायचे आनि गाडी बघायचे. आपुन बसलो न्हाय तरी गाडी गेलेली बघून बरं वाटतं."

"तुमच्या मालकांना माहीत आहे ही जागा?" बायकोनं विचारलं.

"छ्या! त्येना कशाला? सरपन आनाय गेलती म्हनते."

ढग जरा वर सरकला आणि भातावर ऊन पडलं. मी बटणावर बोट ठेवलं, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "थांबा की. गाडी येईल आता."

खरं सांगायचं तर मला गाडी नको होती. निसर्गचित्रात एस्टी कशाला, असं मनात आलं. पण बायकोनं माझ्याकडं अशी नजर टाकली, की मी थांबलो. थोड्या वेळानं डोंगराच्या वळणावरनं लाल ठिपका बाहेर आला. हिरव्या रंगाच्या एवढ्या मोठ्या पसाऱ्यात तो हळूहळू सरकत होता. लेन्समधून बघताना लक्षात आलं, की आत्तापर्यंत डोळा या चित्रात नुसता भटकत होता, आता त्याला टेकायला जागा मिळाली. मी ओळीनं फोटो काढले. बाई मात्र कॅमेऱ्याकडं बघत नव्हत्या. गाडी दिसेनाशी होईपर्यंत त्यांची मान वळत राहिली.

परतताना त्या वाटेत थांबल्या. "ह्ये सगळ्यांच्या भिंतीवर लागंल?"

"आवडलं तर लागेल," मी म्हणालो. "तुम्ही नको म्हणालात तर नाही देणार."

त्या जरा वेळ करवंदीचं पान चुरगळत उभ्या राहिल्या. "लावा. चांगलं हाय ते लोकांनी बघावं की. पन गावाचं नाव घालू नगा. मान्सं यायला लागली तर मी कुठं बसू?"

छापखानेवाल्यांना फोटो इतका आवडला, की त्यांनी तो जानेवारीचं पान म्हणून घेतला. नाव न घालण्यावरून थोडी हुज्जत झाली. "लोक विचारणार, कुठलं ठिकाण?" ते म्हणत होते. मी म्हटलं, विचारू देत. शेवटी खाली 'चंदगड परिसर' एवढंच छापलं.

कॅलेंडर द्यायला आम्ही दोघं मुद्दाम गेलो. या वेळी मालक घरी होते. उंचेपुरे, मोठ्या आवाजाचे. त्यांनी लगेच कॅलेंडर खिळ्याला लावलं, लांब उभं राहून बघितलं, मग जवळ जाऊन बघितलं.

"झकास काढलाय की हो पावणं! कुठलं म्हनायचं ह्ये? कोकनातलं दिसतंय."

आम्ही नवराबायको एकमेकांकडं बघेनासे झालो. बाईंनी तोंडाला पदर लावला, पण खांदे हलायला लागलेच.

"हसाय काय झालं?" मालक म्हणाले.

"काय न्हाय. च्या ठेवते," म्हणून त्या आत गेल्या. आतून बराच वेळ भांड्यांचा आवाजसुद्धा आला नाही.

त्यानंतर बरीच वर्षं जाणं झालं नाही. मुलं झाली, कलर लॅबची कामं वाढली, रोल गेले आणि डिजिटल आलं. दोन हजार सालानंतर कधीतरी, नेसरीच्या मेव्हणीकडं लग्न होतं म्हणून मोटारसायकलवरून गेलो, आणि बायको म्हणाली, "अक्कांना भेटून येऊ."

सोप्यात मालक काठी घेऊन बसले होते. डावा हात मांडीवर निर्जीव पडलेला. मधे त्यांना लकवा मारला होता. आवाज मात्र तसाच. मला बघितल्याबरोबर ओरडले, "या कोकनवालं!" मी गोंधळलो. भिंतीवर ते जानेवारीचं पान काचेत बसवून लावलेलं होतं.

"दवाखान्यातनं आनलं तवा डाक्टर म्हनलं, रोज चालायचं," ते सांगू लागले. जीभ जरा अडखळत होती. "मी चालंना झालो. गावातनं काठी घिऊन कोन फिरनार, लोक बघत्यात. तवा ही म्हनली, चला, कुनी बघनार न्हाय अशी जागा दावते. रोज थोडं थोडं न्हेलं. आनि एक दिवस त्या कातळावर पोचलो तर काय, क्यालेंडर! माज्याच काजूच्या मागं! आनि मी ह्येला कोकन म्हनलो."

बाई दाराशी उभ्या होत्या. या वेळी हसल्या नाहीत.

"मी इचारलं, एवढी वर्सं का बोलली न्हाईस? तर म्हनती, तुमी इचारलं न्हाईसा." त्यांनी चांगला हात तोंडावरून फिरवला. "व्हय, न्हाईच इचारलं. हिला म्हायेराची सय येती ह्ये माज्या डोसक्यातच कदी आलं न्हाय. वाटायचं, वर्साला एकदा धाडतोय, बास की."

"लई बोलतासा," बाई म्हणाल्या. मग माझ्या बायकोकडं वळून, "त्येच्यानंतर बेळगावच्या दोन फेऱ्या झाल्या बघ. एका हातानं दांडा धरून चढत्यात, मी मागनं ढकलते. भाऊ म्हनतोय, दाजी निरोगी हुते तवा कदी आले न्हाईत, आता कसं येत्यात."

त्या दोघी मागच्या दारानं काजूत गेल्या. बायको नंतर म्हणाली, तिथं एक सपाट दगड आणून टेकवलाय, मालकांना गुडघे मुडपून बसता येत नाही म्हणून. मी जाऊन बघितलं नाही, कारण मालकांनी मला सोडलंच नाही. त्यांना एस्टीच्या सवलतीसाठी फोटो पाहिजे होता. पुढच्या महिन्यात बाईंच्या भाच्याचं लग्न होतं बेळगावला, आणि तालुक्याच्या फोटोवाल्यानं काढलेल्या फोटोत तोंड वाकडं आलंय अशी त्यांची तक्रार होती. मी त्यांना सोप्याच्या पांढऱ्या भिंतीपुढं बसवलं, खुर्ची जरा उजेडाकडं वळवली, मान किंचित तिरकी करायला सांगितली. चांगली बाजू पुढं आली.

"दाव," ते म्हणाले. मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखवला. त्यांनी बराच वेळ बघितला आणि आत हाक मारली, "अगं, बघ की, नवरदेव दिसतोय का न्हाय?" मग त्यांना आठवलं की ती घरात नाही. "असू दे," म्हणाले, "यील. बसली आसंल जरा."