दातांनी ऐकणारे मुनीरमिस्त्री

मुनीरमिस्त्री इंजिन दातांनी ऐकायचे. हातभर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालत्या इंजिनावर टेकवायचं, लाकडी मूठ दातांत धरायची आणि डोळे मिटायचे. दुसरे मिस्त्री मूठ कानाला लावतात, हे दातांत धरायचे. आमच्या ढाणकी गावात ट्रॅक्टर घेऊन आलेली माणसं हा सोहळा मुकाट्यानं बघत उभी राहायची. मिनिटभरानं मिस्त्री मूठ काढत, लुंगीला पुसत आणि निकाल देत, "दुसऱ्याचा वॉल जळला." खोलल्यावर दुसऱ्याच सिलिंडरचा वॉल्व्ह जळालेला निघायचा. समोरच्या हॉटेलातले वामनराव म्हणायचे, "नाटकं हायेत मिस्त्रीचे. पण इलाज बरोबर करते." आम्हा सगळ्यांचं तेच मत होतं.

गिऱ्हाइकाला त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "खरं सांग, काय केलं तिले?" ट्रॅक्टर असो की विहिरीवरचं इंजिन, मिस्त्रींसाठी सगळ्या 'ती'च. गिऱ्हाईक म्हणायचं, काही नाही जी, चालता चालता बंद पडली. मग मिस्त्री म्हणायचे, "इंजन झूट नाही बोलत भाऊ, मालक बोलते. ऑइल कधी बदललं?"

"आत्ताच."

"आत्ताच म्हणजे तुह्या लग्नात का पोराच्या?"

कापसाची ती वाईट वर्षं होती. कापसातली सरकी काढायच्या आमच्या जिनिंग कारखान्याला टाळं लागलं होतं आणि बाबा सकाळी उठून सवयीनं त्याच्या फाटकापर्यंत जाऊन परत यायचे. गावात कोणी नवी सायकल घेतली तरी लोक वळून बघायचे. अशा दिवसांत मी हैदराबादहून लाल रंगाची, दोन दारांची, जपानी स्पोर्ट्स गाडी आणली. जुनीच होती, पण आधीच्या मालकानं तिला इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा टर्बो बसवला होता आणि मी त्यात मोठ्या सायलेन्सरची भर घातली. बाबांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "मांगं बसाचं कुठं?" त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही.

नुसता टर्बो बसवून भागत नाही. गाडीच्या कॉम्प्युटरला अजून जुन्याच इंजिनाचा हिशेब माहीत असतो. तो नव्यानं जुळवून घ्यावा लागतो. ते काम हैदराबादचा एक पोरगा गाडी रोलरवर चढवून, जागच्या जागी पळवून करायचा. त्यानं तारीख दिली आणि तयारीची यादी पाठवली. ती मी मिस्त्रींना वाचून दाखवली: नवे प्लग, ताजं ऑइल, कुठं हवेची गळती नको, क्लच घसरायला नको, टाकी भरलेली हवी आणि गाडीला आजवर जे काही झालं असेल ते खरं खरं सांगायचं. मी वाचत होतो तोवर मिस्त्री माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते. मला वाटलं, इंग्रजी शब्दांचा आदर.

"लगनाआधी पोरीची चौकशी करते तसं झालं हे," ते म्हणाले. "आता शेवटलं पहिले सांग छोटे शेठ. काय केलं तिले?"

"काही नाही चाचा," मी म्हणालो.

ही थाप होती. महिन्यापूर्वी पुसदहून येताना घाटात इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल पट्टीत गेला होता. शहाण्या माणसानं गाडी थांबवली असती. पण मागं खच्चून भरलेली एसटी होती आणि तिच्यातल्या पन्नास माणसांसमोर लाल स्पोर्ट्स गाडीचं बॉनेट उघडून उभं राहणं मला जमलं नाही. तशीच वाफा सोडत घरी आणली. हे मिस्त्रींना सांगितलं असतं तर त्यांनी इंजिनाचं हेड खोललं असतं आणि तारीख हुकली असती. तारीख मी गावभर सांगून बसलो होतो.

मिस्त्रींनी आधी गाडीचं तोंड उतरवलं. टर्बोची हवा थंड करणाऱ्या जाळीच्या पात्यांत कापूस ठासून भरला होता.

"ठेवतं कुठं हिले?"

"जिनिंगच्या शेडात."

ते तारेनं कापूस ओढत बसले. बाजारात ज्याला कोणी भाव देत नव्हतं तो माल माझ्या गाडीत जपून ठेवलेला निघाला. मूठभर पुंजका माझ्या हातात देत म्हणाले, "आईले दे. वाती होतीन."

मग प्लग काढले. तीन तपकिरी होते, तिसऱ्या सिलिंडरचा तेवढा धुऊन पुसल्यासारखा स्वच्छ. मिस्त्रींनी तो उन्हात धरला.

"याले आंघोळ कोणं घातली?"

"चांगला असंन तो," मी म्हणालो.

पाणी आत शिरून वाफ झाली की प्लग असा धुऊन निघतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मिस्त्रींना माहीत होतं. त्यांनी नवे प्लग लावून इंजिन सुरू केलं, स्क्रूड्रायव्हर दातांत धरला आणि या वेळी डोळे न मिटता माझ्याकडे बघत राहिले.

शेवटी गळतीची तपासणी. पाइपाचं एक तोंड रबरी बुचानं बंद केलं आणि दुसरीकडून टायरच्या कॉम्प्रेसरची हवा सोडली. लगेच 'स्स्स' असा आवाज सुरू झाला. एवढा मोठा की समोरून वामनराव ओरडले, "कोणाचं टायर गेलं हो?" मिस्त्री मात्र दाढीच्या ब्रशनं पाइपांना साबणाचा फेस लावत होते आणि बुडबुडे शोधत होते, तेही भलत्याच बाजूला. आवाज त्यांच्यापासून वीतभर अंतरावर होता.

"चाचा, तिथं नाही, इथं," मी मागून म्हणालो. त्यांनी वळून पाहिलं नाही. मी पुन्हा हाक मारली. मग तिसऱ्यांदा. ब्रश आपला चाललाच होता.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दातांत धरलेली मूठ, माझ्या ओठांवर खिळलेली नजर, सगळं. मी कॉम्प्रेसर बंद केला आणि त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. माझं तोंड बघूनच ते समजले.

"कळलं तुले," ते म्हणाले. "सात-आठ वर्सं झाले. पहिले उजवा गेला, मंग डावा. दातातून, हाडातून येते आवाज. कानातून नाही येत."

"सांगितलं काहून नाही?"

"बहिऱ्या मिस्त्रीले कोणी इंजन दाखवते का बेटा? पोट आहे मांगं." त्यांनी ब्रश डब्यात ठेवला. "माहं झालं सांगून. आता तुहं सांग."

आता थाप मारायला जीभ वळेना. "पुसदच्या घाटात तापली!" मी सांगितलं, आणि त्यांना ऐकू यावं म्हणून बेंबीच्या देठापासून ओरडून सांगितलं. समोरच्या हॉटेलातल्या कपबश्या थांबल्या. मिस्त्री म्हणाले, "हळू बोल. ओठ दिसते मले." त्यांचं गुपित जागच्या जागी राहिलं आणि माझं संध्याकाळपर्यंत ढाणकीभर झालं.

हेड खोललं. पाणी अडवणारं खालचं गॅस्केट तिसऱ्यापाशी जळालं होतं. तसंच नेऊन रोलरवर जोर लावला असता तर इंजिन तिथंच संपलं असतं. मी हैदराबादला फोन करून खरं सांगितलं. महिन्यानं दुसरी तारीख मिळाली. जाताना मिस्त्रींना शेजारी बसवलं.

रोलरवर गाडी गर्जू लागली. त्या पोरानं इंजिनाला एक छोटा माइक चिकटवला होता आणि मोठे हेडफोन लावून तो आतली खडखड ऐकत होता. मी त्याचा एका कानावरचा हेडफोन सरकवून कानात दोन शब्द सांगितले. त्यानं हेडफोन काढले, आवाज पार वाढवला आणि मिस्त्रींच्या टोपीवरून चढवले.

मिस्त्री दचकले. मग दोन्ही हातांनी हेडफोन घट्ट दाबून धरले. त्यांच्या दाढीत पाणी उतरलं होतं आणि ते हसत होते. "चारही बोलून राह्यले," ते केवढ्यांदा तरी ओरडले. "कानात बोलून राह्यले बेटा!" पोरगा हात पुढे करून उभा होता, मिस्त्री काही हेडफोन देईनात. मला इतकं भरून आलं की गाडीची ताकद किती वाढली हे विचारायचंच राहून गेलं.

परत आल्यावर मिस्त्री वामनरावांच्या हॉटेलात भर गर्दीत उभे राहिले. "खरं सांगतो. मले ऐकू येत नाही. आठ वर्सं झाले." सगळं हॉटेल हसलं. वामनराव म्हणाले, "हे नवं नाटक लय भारी हाये मिस्त्री!" ट्रॅक्टर येतच राहिले. आयुष्यात एकदा मिस्त्रींनी गावाला स्वतःबद्दल खरं सांगितलं, तेवढंच गावानं मानलं नाही.

तीन वर्षांनी मिस्त्री गेले. चाचींनी तो स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात ठेवला. पुढं मी गाडी विकायला काढली. नांदेडचा एक जण बघायला आला, गाडी त्याच्या मनात भरली. जाता जाता त्यानं विचारलं, "काही झालं तर नाही ना हिला?" मी घाटापासून गॅस्केटपर्यंत सगळं सांगितलं. त्यानं चहा घेतला, आभार मानले आणि तो गेला. नंतर आलेल्या दोघांचंही तेच झालं. बाबा म्हणतात, "एवढं खरं सांगतं कायले?"

गाडी अजून शेडातच आहे. पंधरा दिवसांनी एकदा सुरू करतो, जाळीतला कापूस काढतो आणि स्क्रूड्रायव्हर तिसऱ्यावर टेकवून मूठ दातांत धरतो. मुठीवर त्यांच्या दातांच्या खुणा आहेत. माझे दात त्यांत बसत नाहीत. पण तिसऱ्याचा ठोका साफ ऐकू येतो.