ठेंगणीला तीन हाका

बंदरात ठेंगण्या दोन. एक जहाजं ओढणारी टगबोट, दुसरी ती बोट चालवणाऱ्या सारंगाची मुलगी. बोट बांधून झाली तेव्हा मुलगी सात वर्षांची होती, वयाच्या मानानं बुटकी. बापानं त्या आखूड, रुंद बोटीकडे पाहिलं, मग लेकीकडे, आणि रंगाऱ्याला म्हणाला, "लिही, ठेंगणी." मुलगी दोन दिवस गाल फुगवून बसली.

पुढं ती बंदराच्या वायरलेस खोलीत नोकरीला लागली. दिवसभर आपल्याच नावानं हाका मारायच्या. "ठेंगणी, तीन नंबर धक्क्याला ये, लवकर." पलीकडून बापाचा घोगरा आवाज, "ठेंगणी ऐकतेय. घाई असेल तर तूच ढकल." कँटीनवाला म्हणायचा, "एक ठेंगणी जहाजं हलवते, दुसरी माणसं."

बाप निवृत्त झाला आणि एकेक गोष्ट त्याच्या हातून निसटत गेली. आधी किल्ल्या, मग शेजारी, मग बायको गेल्याचं भान, शेवटी लेकच. आता तो तिला 'बाई' म्हणायचा.

"बाई, ठेंगणी कुठं बांधलीय?"

"बाबा, मीच ठेंगणी."

"तुम्ही?" तो हसायचा. "तुमच्यात इंजिन कुठं मावणार?"

मग बोट भंगारात निघाली. बंदराचा रिवाज असा, की मोडीत गेलेल्या बोटीला वायरलेसवरून तीन हाका द्यायच्या. उत्तर आलं नाही, की नोंदवहीतलं नाव खोडायचं. त्या दिवशी ती बापाला सोबत घेऊन गेली. ती हाक कानावर पडली, की एकदा तरी आपल्याला ओळखेल, एवढीच तिची आस.

पहिली हाक दिली. नुसती खरखर. दुसरी दिली. तिसरीला खुर्चीतला बाप ताठ बसला.

"ठेंगणी ऐकतेय. बोल."

तिनं बटण सोडलं. "काम संपलं, बाबा. घरी चला."

"आवरतोच. घरी पोरगी एकटी आहे हो, बाई." त्यानं कमरेशी आडवा तळवा धरला. "एवढीशी आहे."

ती उठून त्याच्या अगदी पुढ्यात उभी राहिली. तो मान वाकडी करून तिच्या बाजूनं खिडकीतलं पाणी बघू लागला.

फोन वाजला. साहेब विचारत होते, "उत्तर आलं का?"

"नाही, साहेब," ती म्हणाली, आणि पट्टी धरून नावावर रेघ मारली.