सव्वीस अंशांतला हिमदंश

मी मायक्रोबायोलॉजिस्ट आहे. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की टिंगल करणाऱ्यांत मी पहिली. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू यायला हवं... येत नाही.

घोटावड्याजवळ आमची छोटी लॅब आहे. लडाखच्या हिमनदीतून आणलेले जिवाणू आम्ही कोल्ड रूममध्ये, चार अंशांवर वाढवतो. त्यातला एक भलताच जहाल निघाला – कुठल्याच औषधाला न जुमानणारे हॉस्पिटलमधले जंतू त्याच्या आसपास टिकत नव्हते. पण ऊब लागली की तो मरायचा, आणि गोठवून ठेवला तर परत उगवायचा नाही. होता तो फक्त तिथल्या प्लेट्सवर. आमच्या प्रमुख मेधाताई त्याला जिवापाड जपायच्या.

खंडेनवमीला सकाळी मेधाताई आणि मी लॅबमध्ये आलो तर कोल्ड रूम बंद. मशीन सांभाळणाऱ्या तानाजीमामांनी आदल्या संध्याकाळीच स्विच पाडला होता.

"आज यंत्राला इसावा द्यायचा आस्तोय, ताई," हळदीकुंकवाचं तबक धरून ते म्हणाले. "आमच्यात ट्रॅक्टरबी चालवत न्हाईत."

मेधाताई आत धावल्या. दार मागे लागलं, आणि किंकाळी आली.

ते दार आतून नुसतं ढकललं तरी उघडतं. त्या लाथा मारत होत्या, डोकं आपटत होत्या... "सोड. माझा हात सोड." दाराच्या काचेतून दिसत होतं, आत दुसरं कुणीही नव्हतं. शेवटी तानाजीमामांनी पहार घालून दार बिजागरीसकट उखडलं. ताईंच्या कपाळातून रक्ताची धार लागली होती. उजव्या मुठीत एक प्लेट आवळलेली, बोटं पांढरीफटक, दगडासारखी. मी मूठ सोडवायला गेले तर कातडीच सोलून माझ्या हातात आली. मी भयंकर घाबरले.

आतल्या थर्मामीटरवर सव्वीस अंश होते.

"हा हिमदंश आहे," हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले. "बर्फाच्या डोंगरावरून कधी उतरल्या?"

"घोटावड्याहून आणलंय," मी म्हटलं. तीन बोटं कापावी लागली.

बाकी सगळ्या प्लेट्स मेल्या. मुठीतली तेवढी जगली.

मी ताईंना एकदाच विचारलं, कुणी धरलं होतं?

"धरलं नसतं तर हीसुद्धा मेली असती गं," एवढंच म्हणाल्या.

याला विज्ञानात काय म्हणायचं, मला अजून कळलेलं नाही. ताई मात्र रोज हातमोजा चढवतात, त्याची तीन रिकामी बोटं दुमडून चिकटपट्टी लावतात, आणि त्याच खोलीत एकट्या जातात.