आत कुणी नसल्यासारखं

ऑफिसातल्या फायरवॉलच्या डब्यावर हिरवे दिवे सारखे लुकलुकत होते. बाहेरून आलेलं माहितीचं प्रत्येक पाकीट तो नियमांशी ताडून बघतो. बसलं तर आत सोडतो, नाही बसलं तर गुपचूप टाकून देतो.

"पाठवणाऱ्याला काहीच कळवत नाही?" मी विचारलं.

"'नाही' एवढं कळवलं, तरी आत कुणीतरी आहे हे कळतंच ना, मॅडम," डबा सांभाळणारा निखिल म्हणाला.

दिवसभर ते डोक्यातून जाईना. नकार आला तर माणूस निदान माघारी फिरतो. नुसत्या शांततेसमोर त्यानं किती वेळ ताटकळायचं?

महिनाभर माझा फोन न उचलणाऱ्या दादाच्या घरी संध्याकाळी तडक गेले. बेल दाबली आणि आतला टीव्ही एकदम गप्प झाला.

बेलवरचं बोट मी काढलं नाही.